हनियाच्या हातचा दगड

लतैफने सिमेंट आणलं ते शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी, कारण तेवढा एक तास आमच्या वाटेवर कुत्रंसुद्धा नसतं. मी होतो. माझी तेलाची घाणी वस्तीच्या अगदी खालच्या टोकाला, डोंगरात कोरलेल्या खोलीत आहे, आणि गावात येणारं प्रत्येक गाढव माझ्या दारावरून जातं. मी नमाजाला का गेलो नव्हतो, तर माझे गुडघे. ते शुक्रवारी जास्त दुखतात.

गाढवाच्या दोन्ही अंगांना एकेक गोणी, वरून जवाचा पेंढा पसरलेला. पेंढ्याखालून करडी पूड वाटभर सांडत आली होती.

"काय लतैफ, हल्ली पेंढ्याचं पीठ निघतं का?" मी विचारलं.

"चुलीला भेग पडलीय, मसबाहभाऊ."

"दोन गोण्यांची?"

"मोठी चूल आहे."

त्याची बायको आठ वर्षांपासून गॅसवर रांधते हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. आम्ही एकमेकांना सलाम केला. तो घळीच्या वाटेला लागला. चुली घळीत नसतात.

आमच्या घळीत एकाखाली एक बांध आहेत, मातीचे आणि दगडांचे, ओढ्याला आडवे. ओढा म्हणायचा इतकंच. वर्षातले साडेतीनशे दिवस त्यात सरडे असतात. उरलेल्यांतल्या दोन-चार दिवसांत पाऊस येतो, तो डोंगर धुऊन काढतो, धुतलेलं सगळं पाण्याबरोबर खाली येतं आणि बांधाशी अडतं. पाणी मुरतं, गाळ राहतो. त्या गाळात आमचे ऑलिव्ह, आमचे अंजीर, आमचा जव. गाळ चढला की बांध चढवायचा, बांध चढला की पुढच्या पुराचा गाळ. बाकी सगळा डोंगर उघडा खडक आहे, त्यावर शेळीलासुद्धा विचार करून चरावं लागतं.

बांधाच्या एका टोकाला दगडी सांडवा असतो, जास्तीचं पाणी खालच्या शेताला जावं म्हणून. सांडवा किती उंच, ह्यावर खालच्या माणसाचं पोट. म्हणून रीत अशी, की उन्हाळ्याच्या शेवटी वरच्याने खालच्याला बोलवायचं, दोघांनी सांडव्यावर बसून भाजलेल्या जवाचं पीठ तेलात कालवून खायचं, आणि सांडवा चढवायचा असेल तर वरचा दगड खालच्याने स्वतःच्या हाताने ठेवायचा. त्याने ठेवला तर चढला. नाही ठेवला तर वरच्याने बोटं चाटत घरी जायचं. तंटा झालाच तर घळीचा पंच आहे. सध्या मी आहे. पंच बहुधा घाणीवालाच होतो, कारण कोणाचं झाड सुखात आहे आणि कोणाचं तहानलेलं, हे त्याला तेलावरून कळतं. सगळ्यांचे ऑलिव्ह त्याच्याकडेच यायचे असल्यामुळे तो कोणाला दुखवू शकत नाही, ही दुसरी बाजू गावाने कधी विचारात घेतलेली नाही. मीही ती त्यांच्या कानावर घातलेली नाही.

वरचा बांध लतैफचा. त्याच्या लगेच खालचा त्याच्या थोरल्या भावाचा, अम्मारचा. बापाने वाटणी केली तेव्हा थोरल्याने आपणहून खालचं घेतलं. अम्मार तसाच होता. मग बारा वर्षं धाकट्याने पीठ वाढलं आणि थोरल्याने दगड ठेवला, बारा वर्षांत बारा दगड. दगड ठेवायच्या दिवशी बायका सांडव्यावर जात नाहीत, त्या पीठ भाजून पाठवतात. हनिया, अम्मारची बायको, पीठ पाठवायची आणि संध्याकाळी विचारायची, "ठेवून आलात?" तो म्हणायचा, "ठेवला." त्यावर ती रात्रभर बोलायची नाही. हे मला अम्मारनेच घाणीवर बसून सांगितलेलं.

चार वर्षांपूर्वी अम्मार गेला. त्या उन्हाळ्यात दगड ठेवायला खुद्द हनिया गेली. तिने पीठ खाल्लं, हात धुतले, दगड उचलला आणि बांधाच्या खाली टाकून दिला.

"पाणी माझ्याकडे पोचलं की ठेवीन, भावोजी," ती म्हणाली.

चार वर्षांत पाणी पोचलं नाही. पाऊस जेमतेम, जे यायचं ते लतैफच्या शेतातच मुरून जायचं. पण गाळ थोडा थोडा चढत होता. गेल्या वर्षी लतैफचं शेत सांडव्याच्या ओठापासून एक वीत खाली राहिलं. म्हणजे पुढचा एक बरा पूर हनियाकडे जाणारच होता. हे लतैफला दिसत होतं, हनियाला दिसत होतं आणि मला घाणीच्या दारातून दिसत होतं.

ह्या सगळ्या काळात हनियाने एक गोष्ट केली, जिच्यावर गाव पोट धरून हसलं. तिच्या शेतात नवा गाळ मूठभर येत नव्हता, तरी ती दर उन्हाळ्यात आपला बांध एक हात चढवायची. एकटी. घमेल्याने माती, डोक्यावर दगड. सांडव्यावरचा दगड तेवढा तिच्या खालचा शेजारी हसत हसत ठेवून जायचा. चार वर्षांत तिचं शेत खड्ड्यात बसल्यासारखं दिसायला लागलं, आणि पुढे बांध किल्ल्याच्या भिंतीसारखा.

"वहिनी, रिकाम्या माठाला काठ किती लावाल?" लतैफ वरून ओरडायचा.

"ते दरवर्षी एक हात लावायचे. मी का थांबू?"

"पण गाळ कुठाय?"

ती मान वर करून डोंगराच्या कड्याकडे बघायची. "तो काय, वर आहे. निघालाय."

ईदला तिचा मुलगा नाजी गाबेस शहरातून आला. तो तिथे विजेची कामं करतो. त्याने शेतात जाऊन ऑलिव्हची पानं चोळून पाहिली, ती चुरा झाली. सात ऑलिव्ह, दोन अंजीर, एक बदाम, सगळ्यांची तीच गत. त्याने आईला घाणीवर माझ्यासमोर बसवलं, कारण त्याला साक्षीदार हवा होता.

"आई, ह्या शरदात तुझ्या शेताला पाणी लागलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही लागलं तर थंडीच्या आत तू गाबेसला. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, बाल्कनी आहे."

"बाल्कनीत काय दिसतं?"

"समोरची बाल्कनी."

हनियाने बराच वेळ घाणीच्या छताकडे पाहिलं. माझ्या छतात शिंपले आहेत, खडकात रुतलेले, तळहाताएवढे. इथून समुद्र दिवसभराच्या वाटेवर आहे, तरी आहेत. लहानपणी आम्ही ते उकरायला जायचो आणि मार खायचो.

"ठीक," ती म्हणाली. "पाणी लागलं तर राहीन. नाही लागलं तर येईन. मसबाह, ऐकलंस ना?"

मी ऐकलं. आणि दोन महिन्यांनी, त्या शुक्रवारी, मी ते गाढव जाताना पाहिलं आणि गुडघे चोळत बसलो.

चार दिवसांनी हनिया मला ओढतच घळीत घेऊन गेली. लतैफच्या सांडव्यावर दीड हात उंच, गुळगुळीत, करडा सिमेंटचा कट्टा उभा होता. लतैफ त्यावर बसून अंजीर खात होता.

"पंच आलेत, भावोजी," हनिया म्हणाली. "आता त्यांना सांगा."

"काय सांगू? रीत काय म्हणते, मसबाहभाऊ? वरचा दगड खालच्याच्या हातचा. बरोबर?"

"बरोबर."

"मग बघा, सगळीकडे बघा. मी नवा एक तरी दगड ठेवलाय का?" त्याने कट्ट्यावर थाप मारली. "एक दाखवा, मी आजच्या आज पाडतो."

खरोखरच नव्हता. त्याने वाळू चाळून घेतली होती, खडासुद्धा येऊ नये म्हणून. इतकी मेहनत माणूस बेइमानीसाठी घेत नाही. लतैफ मनापासून समजत होता, की आपण रीत पाळली आहे.

"तुमच्या आजोबांच्या वेळेला सिमेंट नव्हतं, म्हणून त्यांनी दगड म्हटलं," हनिया म्हणाली.

"मग त्यांनी 'दगड आणि पुढे जे काही निघेल ते' म्हणायला हवं होतं. मी काय करू, वहिनी? मृतांच्या तोंडात शब्द घालू?"

दोघं माझ्याकडे बघत होते. मला माहीत होतं काय बोलायचं. पण लतैफची चाळीस झाडं आहेत, हनियाची सात, आणि घाणीचा वाटा तेलातच मिळतो. मी दाढी खाजवली आणि म्हणालो, "पाऊस येऊ दे. पाणी कसं वागतं ते पाहून सांगतो."

 परत चढताना हनिया माझ्या पुढे चालत होती आणि वाटेतला एकही दगड तिने मला सांगितला नाही. गुडघे फुटले.

पाऊस ऑक्टोबरच्या मध्यावर आला, दुपारी. आधी वारा पडला. मग दक्षिणेकडून, वाळवंटाच्या बाजूने, आभाळ पिवळं झालं, मग जांभळं. पहिले थेंब एवढे जड होते, की वाटेवरच्या धुळीत खळगे पडले. गाव कड्यावर जमलं. आमच्याकडे पूर बघायला सगळे येतात, आजारीसुद्धा, खाटेसकट. हनिया माझ्या शेजारी उभी होती, लोकरीची शाल डोक्यावरून घेतलेली. लतैफ खाली आपल्या बांधावर होता, फावडं घेऊन.

थोडा वेळ नुसता पाऊस. मग घळीच्या वरच्या अंगाला तो आवाज सुरू झाला. ज्याने ऐकला नाही त्याला सांगता येत नाही. पाण्याचा आवाज नंतर येतो. आधी दगड येतात, एकमेकांवर आपटत, पाण्याच्या आत. आणि ते ऐकताना कानापेक्षा पायाला आधी कळतं. मग वळणावरून तो आला. पिवळा, दाट, पुढे काटेरी झुडपं आणि फेस ढकलत. त्यात मी एक दगड पाहिला, माझ्या घाणीच्या जात्याएवढा, बुडत आणि वर येत. दरवर्षी पाहतो. दरवर्षी कोणीतरी बोलायचं थांबतं, मग सगळेच थांबतात.

लतैफचं शेत भरू लागलं. पाणी सिमेंटच्या कट्ट्याशी आलं. चार बोटं वर आलं, वीतभर आलं, एक हात आलं. कट्टा हलला नाही. लतैफने कड्याकडे बघून फावडं उंचावलं.

"टिकलं," शेजारचा कोणी म्हणाला.

"सिमेंट टिकलं," हनिया म्हणाली. ती कट्ट्याकडे बघतच नव्हती. तिची नजर कट्ट्याच्या उजव्या अंगाला होती, जिथे सिमेंट संपत होतं आणि माती सुरू होत होती. दगडांचा सांडवा पाणी झिरपू देतो, थोडं थोडं, म्हाताऱ्यासारखं. सिमेंटने ते सगळं बंद केलं होतं, आणि पाणी दीड हात जास्त उंचीवर उभं राहून दुसरी वाट शोधत होतं. मातीवर एक ओला डाग होता, अंगठ्याएवढा. मी पाहतोय तोवर त्यातून धार लागली, बोटाएवढी, आणि ती स्वच्छ नव्हती, पिवळी होती. म्हणजे आतली माती येत होती.

हनियाने शाल मागे टाकली. आयुष्यात तिचा आवाज इतका मोठा मी ऐकला नव्हता. "भावोजी, उजवीकडे. सोडा ते. वर या."

त्याने पाहिलं. माणसाने पळायला हवं होतं, हा अंगातला कोट काढून भोकात कोंबायला धावला.

"लतैफ," ती ओरडली, पहिल्यांदाच नावाने. "तुझ्या भावाची शपथ आहे, वर ये."

तो वर चढला आणि त्याच्या पावलामागची माती बसली. मग बांध फुटला. म्हणजे आधी काहीच झालं नाही, नंतर बांध तिथे नव्हता. पाणी गेलं आणि त्याच्या मागोमाग शेत गेलं. कडेकडेने, भाकरीचे तुकडे मोडावेत तसं, घरांएवढे तुकडे सावकाश वाकले आणि पाण्यात बसले. सिमेंटचा कट्टा अखंडच्या अखंड वाहत गेला. पन्नास-साठ माणसं कड्यावर होती.

आता सगळ्यांचे डोळे खालच्या बांधावर. लतैफचा एवढा बांध गेला, तर एकट्या बाईने घमेल्याने रचलेला काय राहणार, असं प्रत्येकाच्या मनात होतं, माझ्याही. हनिया ओठ हलवत होती. मी कान दिला. मला वाटलं दुआ आहे. ती म्हणत होती, "चार हात आहेत, चार हात आहेत."

तो पिवळा डोंगर तिच्या शेतात शिरला आणि पसरला. आणि बसला. बसायला जागा होती. चार वर्षांचा रिकामेपणा होता, बांधाच्या ओठापर्यंत पुरे चार हात, त्यात लतैफचं शेत घुसळत, फिरत, मंदावत मावलं. जास्तीचं पाणी तिच्या सांडव्यावरून, सिमेंटशिवाय रचलेल्या दगडांवरून, चादर अंथरावी तसं सपाट उतरलं आणि पुढच्या शेताला गेलं. पाऊस थांबला तेव्हा तिच्या शेताच्या जागी एक तपकिरी, चकाकता आरसा होता, आणि त्यातून सात ऑलिव्हची डोकी वर आली होती, गळ्यापर्यंत बुडालेली. अंजीर एकच दिसत होतं. बदाम दिसत नव्हता.

"पाणी लागलं," मी म्हणालो.

"दिसतंय मला," ती म्हणाली, आणि मग खाली बसली.

तिसऱ्या दिवशी चिखल पाऊल घेण्याइतका आळला. मी घळीत उतरलो तेव्हा लतैफ हनियाच्या शेतातून टोपलीने माती भरून वर आपल्या शेतात नेत होता. हनिया अंजिराच्या वर उरलेल्या शेंड्याशेजारी बसून बघत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"म्हणाले, माती माझी आहे. मी म्हटलं, न्या. टोपलीही मीच दिली."

मी पंच, मोजणं माझं काम. दुपारपर्यंत एक्केचाळीस टोपल्या झाल्या. वर जाऊन पाहिलं तर ढीग झोपलेल्या कुत्र्याएवढा. त्याच्या मागे शेतात जो खड्डा पडला होता, त्यात आमची वस्ती मशिदीसकट ठेवली असती.

लतैफने टोपली उपडी केली आणि तिथेच बसला.

"किती झाल्या?"

"एक्केचाळीस."

"किती लागतील?"

पण तो आता टोपल्यांकडे बघत नव्हता. पाण्याने शेत मधोमध कापलं होतं, सुरीने कापावं तसं, आणि तो त्या कापलेल्या भिंतीकडे बघत होता. मीही पाहिलं. चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढी भिंत, आणि वरपासून खालपर्यंत पट्टे. पिवळा, तांबूस, पुन्हा पिवळा. प्रत्येक पट्टा एक पूर. मी बोट लावून मोजायला लागलो. वरचे पातळ, बोटभर. मग एक हातभर जाड, दगडगोटे भरलेला.

"एकोणसत्तर साल," लतैफ हळूच म्हणाला. त्या वर्षीचा पूर आम्ही दोघांनी पाहिलेला, बापांच्या खांद्यावर बसून. त्याच्याखाली बारीक रेतीची रेघ, वाऱ्याने वाळवंटातून आणलेली, कुठल्या तरी कोरड्या सालाची. त्याखाली राखेची काळी रेघ. मी छप्पन्नपर्यंत मोजले आणि माझा हात पुरेना. त्याखाली तेवढेच होते. त्याच्याही खाली होते.

शेताच्या मध्यावर लतैफचं एक जुनं ऑलिव्ह आहे, कमरेएवढं खोड. गाव त्याला बुटकं म्हणतं, आणि लतैफ स्वतः उंच नसल्याने त्या नावावर बरेच विनोद झालेत. ते कापाच्या काठावर राहिलं होतं, एका अंगाने उघडं. त्याचं खोड जमिनीत संपत नव्हतं. ते खाली जात होतं, पुरुषभर, दोन पुरुष, जाड होत होत. आणि दर दोन-तीन हातांवर त्याने नवी मुळं फोडलेली, जिथे एकेकाळी जमीन होती. उंच झाड होतं ते. आमच्या पणज्यांनी त्याच्या सावलीत बसून वर पाहिलं असेल. डोंगर त्याच्याभोवती चढत गेला आणि ते चढत राहिलं.

अगदी तळाला खडक होता, आणि त्या खडकात पाण्याने घासून केलेली पन्हळ, गुळगुळीत. पहिला बांध घालायच्या आधीची. तिच्या बाजूला एक मोठा धोंडा पडलेला. मी त्यावरची माती हाताने पुसली. शिंपले. माझ्या छतातले तेच, तळहाताएवढे. मी मान वर केली. तो थर कड्यावर, आमच्या डोक्यावर शंभर हात उंच आहे, आणि आज घळीच्या काठापासून चांगला मागे सरलेला. म्हणजे एकेकाळी तो इथवर होता. जिथे मी उभा होतो तिथे पोकळी नव्हती, घळ नव्हती, सगळा भरीव डोंगर होता, वरपासून खालपर्यंत. तो दाणा दाणा खाली आला आणि आम्ही त्यात जव पेरला.

 मी धोंड्यावर बसलो.

त्याच संध्याकाळी नाजी आला, मित्राचा छोटा टेम्पो घेऊन, आईचं सामान न्यायला. पुराची बातमी त्याला अर्धीच कळली होती. आई घरात नाही म्हणून तो घळीत उतरला. बुडालेली झाडं त्याने पाहिली.

"आई, ही गळ्यापर्यंत गाडली गेलीत."

"त्या बुटक्याकडे बघून ये," हनिया म्हणाली. "ऑलिव्हला सवय असते."

तो कापात उतरला तो बराच वेळ वर आला नाही. आम्ही गेलो तर तो सांडव्याच्या उरलेल्या अंगाशी उभा होता. तिथे भिंतीत दगडांची उभी रांग दिसत होती, एकावर एक, दर वर्षाच्या उंचीचा एकेक, थेट खालपर्यंत. प्रत्येक कोणा खालच्याच्या हातचा.

"ह्यातले बाबांचे कुठले?"

"वरचे बारा," लतैफ म्हणाला.

हनियाने आयुष्यात पहिल्यांदाच ते दगड बाजूने पाहिले. तिने सगळ्यात वरच्याला बोटं लावली, जाडी मोजायला. मग दुसऱ्याला. खालचे, सासऱ्याच्या वेळचे, प्रत्येकी वीतभर होते. अम्मारचे तीन बोटं. बाराच्या बारा चपटे, निवडून आणलेले.

"बारा दगडांत जेमतेम तीन वीत," ती म्हणाली. "आणि मी बारा वर्षं त्यांच्याशी बोलले नाही त्या रात्री."

"मला वाटायचं दादाला मोठे दगड उचलवत नाहीत," लतैफ म्हणाला.

ती हसली. मला वाटतं हसलीच, कारण शाल तोंडावर होती.

मग लतैफ माझ्याकडे वळला. "मसबाहभाऊ, तुम्ही पंच. मातीचं सांगा. उशीर झालाय, पण सांगा."

मी ह्या वेळी दाढीला हात लावला नाही. "ती आपल्या पायाने चालत आली, लतैफ. जिथे बसली तिथली. तुझ्याकडेही ती कोणाच्या तरी डोंगरावरूनच आली होती. आणि तुझ्या कट्ट्याबद्दल त्याच दिवशी बोलायला हवं होतं, मी बोललो नाही. हनिया, ते माझ्यावर."

"तुझी सात झाडांची फिकीर मला कळत होती," हनिया म्हणाली. "चाळीसची जास्त कळत होती."

लतैफने मान खाली घातली. चाळीसातली तेवीस वाहून गेली होती. मग हनिया म्हणाली, "भावोजी, दगड आणा. चपटा नको."

त्याने मान वर केली.

"बांध घालायचा ना पुन्हा? मग सांडवा लागेल. की सिमेंट उरलंय?"

त्याने दगड आणला, चांगला वीतभर. नाजीने आईला हात धरून खडकापर्यंत उतरवलं. तिने तो दगड तळाला ठेवला, पाण्याच्या त्या जुन्या पन्हळीच्या काठावर, आणि हलवून पाहिला.

"वहिनी, फार खाली ठेवलात," लतैफ म्हणाला. "इथून वरपर्यंत यायला..." त्याने पट्ट्यांच्या भिंतीकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

"दर उन्हाळ्याला बोलवा," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

पीठ कालवायला तेल माझ्या घाणीतून आलं. खायला बसलो ते तिच्या शेतातल्या सिमेंटच्या कट्ट्यावर. तो गाळात सपाट येऊन बसला होता, तडासुद्धा गेला नव्हता, चौघांना पुरेल असं बाकडं. नाजीने टेम्पोत आईच्या सामानाऐवजी घमेली आणि फावडी भरून आणली आणि वर दोन दिवस राहिला. बदामाचं झाड पुन्हा दिसलं नाही.

खाताना वरच्या कड्यावरून एक खडा सुटला. आम्ही तो पाहिला नाही, ऐकला. उड्या मारत, थांबत, पुन्हा घरंगळत, बऱ्याच वेळाने कुठेतरी खाली थांबला. लतैफने घास हातातच ठेवून वर पाहिलं.

"निघालाय," हनिया म्हणाली, आणि वाटी त्याच्याकडे सरकवली.